परक्यांच्या भिंतींवरचा आमचा ख्रिस्त

काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात नव्या प्रार्थनामंदिराचे बांधकाम पूर्ण होत आले होते. वेदीमागच्या भिंतीवर काय असावे, हे ठरविण्यासाठी बोलाविलेल्या बैठकीस आम्हीही हजर होतो. टेबलावर मूर्तिकारखान्यांची दोन-तीन गुळगुळीत सचित्र पुस्तके पडली होती. एका तरुणाने जरा भीतभीतच आंजेलो द फोन्सेका यांच्या एका चित्राची छापील प्रत पुढे सरकविली. साडी नेसलेली सावळी माता आणि तिच्याजवळ बाळ, एवढेच ते चित्र. प्रत हातोहात फिरली. एका वृद्ध मावशींनी ती डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ न्याहाळली आणि म्हटले, ‘‘बाई चांगली आहे हो, पण ही आपली मरियामाय नव्हे.’’ सगळे हसले. पुढच्या पंधरा मिनिटांत निळा झगा, गुलाबी गाल आणि काचतंतूचे अंग असलेली एक मूर्ती नक्की झाली. पैशांचा हिशेबही झाला. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. ते मौन आम्हांला अजून टोचते, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

मावशींना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्या मूर्तीपुढे एखाद्या स्त्रीने साठ वर्षे मेणबत्ती लावली, पोरांची दुखणी सांगितली, नवऱ्याचे मरण सोसले, त्या मूर्तीचे मोल कलासमीक्षेच्या तराजूत तोलणे हा उद्धटपणा होय. तिने मूर्ती पाहिलेलीच नसते. तिने मूर्तीतून पाहिलेले असते. परंतु ज्यांनी मान हलवून हसण्यात भाग घेतला, ते आम्ही शिकलेसवरलेले लोक. आमच्यापैकी कित्येकांना फोन्सेका हे नावही ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्यांना ते पुण्यात राहिले आणि पुण्यातच वारले हे ठाऊक नव्हते. आपल्या घरात जन्मलेल्या चित्रकाराची ओळख आपल्याला नसावी, ही गोष्ट मावशींच्या नकाराहून कितीतरी गंभीर आहे.

विसाव्या शतकात गोव्याच्या कॅथलिक घरांनी भारताला दोन मोठे चित्रकार दिले. त्या दोघांनीही ख्रिस्ताचे चित्र काढले, आणि केवळ एकदोनदा नव्हे. फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली सांत इस्तेव्ह बेटावर झाला; फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा १९२४ साली साळगावात. दोघेही मुंबईस आले, दोघांनीही जे. जे. कलाशाळेचा उंबरठा ओलांडला आणि दोघेही तेथे टिकले नाहीत. यापुढे मात्र त्यांच्या वाटा इतक्या वेगळ्या होतात की त्यांची नावे एका वाक्यात घेताना अडखळायला होते. एकाचा ख्रिस्त शांत, दुसऱ्याचा भयंकर. एकाने आयुष्यभर मिस्साबली चुकविला नाही म्हणावे अशी त्याची चित्रे. दुसऱ्याने धर्मगुरूंवर असे काही आसूड ओढले की आजही ती चित्रे पाहताना सज्जन माणसाने घसा खाकरावा. तरीही दोघांच्या नशिबात एक विलक्षण साम्य आहे. फोन्सेकांना आसरा मिळाला तो पुण्याच्या शिवाजीनगर भागातील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात. हा आश्रम अँग्लिकन पंथाचे जॅक विन्स्लो यांनी उभारलेला. सूझांचे १९६२ सालचे ‘क्रूसारोहण’ आज आहे ते ब्रिटनमधील मेथडिस्ट मंडळीच्या आधुनिक कलासंग्रहात. चित्रकार आमचे, श्रद्धेचे संस्कार आमचे, वेदीपुढची ती सारी धूपदीपांची दुनिया आमची. भिंत मात्र प्रॉटेस्टंट बांधवांची! प्रतिमांच्या बाबतीत ज्यांना आपण कोरडे म्हणून हिणवितो, त्यांनी आपल्या चित्रकारांसाठी भिंत मोकळी केली, आणि प्रतिमांवाचून ज्यांचे पान हलत नाही त्या आम्ही केली नाही.

फोन्सेकांची हकिकत थोडक्यात अशी. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून ते कलेकडे वळले. जे. जे. मधील पाश्चात्त्य धाटणीच्या शिक्षणात त्यांचे मन रमेना, तेव्हा त्यांनी बंगालची वाट धरली. अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात त्यांना आपला हात सापडला. शिकून ते गोव्यास परतले आणि त्यांनी भारतीय वेशातली, भारतीय चेहऱ्याची पवित्र मरिया रंगविली. त्यावर गहजब झाला. पोर्तुगीज अमलाखालच्या त्या समाजात साडी हे केवळ वस्त्र नव्हते. बाप्तिस्म्याबरोबर जे मागे टाकले असे शिकविले गेले, त्याची ती खूण होती. आपण ज्यांच्यापासून वेगळे झालो त्यांच्यासारखीच देवमाता दिसू लागली, तर मग आपण कोण, हा प्रश्न त्या रागाच्या मुळाशी असावा. फोन्सेका गोवा सोडून पुण्यास आले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर हेन्री हेरास यांच्यासारख्या जाणत्या येशूसंघीयांनी त्यांना उत्तेजन दिले, हेही नमूद केले पाहिजे. ख्रिस्तसभेतील सर्वांनीच पाठ फिरविली असे म्हणणे अन्यायाचे होईल.

मराठी वाचकाला या प्रकरणात नवल वाटावे असे एक आहे. याच गोव्यात, फोन्सेकांच्या तीन शतके आधी, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यात तारणाची कथा ओवीछंदात आली, पुराणाच्या घाटात आली, मराठीच्या सर्व लेण्यांसह आली. ते आपण डोक्यावर घेतो, शाळेत शिकवितो, त्याच्या नावाने व्याख्याने देतो. शब्दाने जे केले ते भूषण ठरले आणि रंगाने तेच केले तेव्हा पाप ठरले! कान लवकर धर्मांतर स्वीकारतो, डोळा फार उशिरा, असा आमचा अनुभव आहे. आजही आपल्या मिस्साबलीत पेटीतबल्यावर अभंगाच्या चालीचे गीत चालते आणि त्याच वेदीवर उभी असलेली मूर्ती मात्र युरोपातल्या एखाद्या गोऱ्या कन्येची असते. त्यात कोणालाच विसंगती वाटत नाही.

मात्र फोन्सेका उपेक्षित म्हणून त्यांची प्रत्येक रेघ थोर, असे आम्ही मानीत नाही. जलरंगांचे त्यांचे पातळ, धुक्यासारखे लेप, झुकलेल्या पापण्या, लांबट बोटे हे सारे बंगाली परंपरेचे देणे आहे, आणि त्या परंपरेचा गोडवाही त्यांच्या चित्रांत उतरला आहे. कधी कधी तो गोडवा नको इतका होतो. त्यांच्या मरियेला काही दुखते आहे असे क्वचितच वाटते. दुसरा आक्षेप अधिक मोठा आहे. ‘भारतीय’ म्हणजे कोणता भारत? फोन्सेकांचा भारत आश्रमाचा आहे. स्वच्छ सारविलेला, मितभाषी, ध्यानस्थ. अहमदनगर जिल्ह्यातल्या किंवा मराठवाड्यातल्या ज्या दलित कुटुंबांनी गावकुसाबाहेर येशूचे नाव प्रथम ऐकले, त्यांना या चित्रातली आई आपली वाटेल काय? बंगळूरजवळच्या सिल्व्हेपुरा येथे कार्य केलेले चित्रकार ज्योती साही यांनी पुढे ‘दलित मॅडोना’ रंगविली, ती याच प्रश्नाला उत्तर म्हणून पाहता येते. (तेही चित्र त्याच मेथडिस्ट संग्रहात आहे! आता याला काय म्हणावे?) पण साहींना तो प्रश्न विचारता आला, कारण फोन्सेकांनी पहिले पाऊल टाकून दगड अंगावर घेतले होते.

आता सूझा. त्यांच्याविषयी आमच्या मासिकांतून लिहिणे सोपे नाही. त्यांच्या चित्रांतील नग्न स्त्रिया, दात विचकणारे धर्माधिकारी, कपाळावर डोळे असलेले संत हे सारे आपल्या दिवाणखान्यात टांगण्याजोगे नाही, आणि ते त्यांनी आपल्या दिवाणखान्यासाठी काढलेलेही नाही. त्यांचे चरित्र ठाऊक असल्यावाचून मात्र त्यांच्या ख्रिस्ताकडे पाहू नये. ते अवघे तीन महिन्यांचे असताना वडील गेले. पाठोपाठ थोरली बहीण गेली. मग लहानग्याला देवी आल्या. विधवा आईने नवस केला की मुलगा वाचला तर त्याला येशूसंघात धर्मगुरू करीन. मुलगा वाचला, त्याच्या नावाला संत फ्रान्सिस झेवियरचे नाव जोडले गेले. तो धर्मगुरू झाला नाही. मुंबईत शिवणकाम करून आईने त्याला वाढविले, शाळेतून त्याला काढले गेले, १९४५ साली कलाशाळेतूनही काढले गेले, १९४७ साली त्याने मित्रांसह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापला आणि १९४९ साली तो लंडनला गेला. आपल्या आत्मकथनपर लेखनात त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे की ख्रिस्तसभेचा आपल्यावर जबरदस्त पगडा बसला तो तिच्या सिद्धान्तांमुळे नव्हे, तर भव्य वास्तू आणि उपासनेचा थाट यांमुळे. म्हणजे हा मुलगा देवळात गुडघे टेकून बसला होता, पण डोळे मिटून नव्हे.

आणि त्याने काय पाहिले? गोव्यातील जुन्या देवळांतून उपवासकाळात बाहेर काढल्या जाणाऱ्या त्या मूर्ती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. जखमांतून ओघळणारे, लाल रंगाने थापलेले रक्त, कपाळात रुतलेला काट्यांचा मुकुट, खांद्यावरचा क्रूस, मखमली झगा, काचेचे डोळे. लहान मूल त्या डोळ्यांपुढे एकटे उभे राहिले तर रात्री झोपणार नाही. लंडनच्या टेट संग्रहातील सूझांचे १९५९ सालचे ‘क्रूसारोहण’ पाहताना समीक्षक पिकासोचे नाव घेतात, स्पेनच्या मध्ययुगीन भित्तिचित्रांचे घेतात. ते खरेही आहे. पण त्या चित्रातला काळा ख्रिस्त, काट्यांसारख्याच रेघांनी बनलेले त्याचे अंग, कपाळाच्या वरच्या कडेशी सरकलेले डोळे, हे सारे आम्हांला परदेशातून आलेले वाटत नाही. ते आमच्या उपवासकाळातून आले आहे. काटे मुकुटातून उतरून साऱ्या देहभर पसरले आहेत, इतकेच. देवीच्या तापाने अंगभर फोड आलेल्या मुलाला देहावरच्या जखमा म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागत नाही.

यशया प्रवक्त्याने दुःख सोसणाऱ्या सेवकाचे जे वर्णन केले आहे, त्यात रूप नाही, शोभा नाही. लोक तोंड फिरवितात असा तो आहे. गुड फ्रायडेच्या उपासनेत हे वाचन आपण दर वर्षी ऐकतो आणि मान वर करून पाहतो तो समोरच्या क्रुसावर एक देखणा, नीट दाढी राखलेला तरुण जरासा दमलेला असतो. या दोहोंपैकी शुभवर्तमानाशी अधिक प्रामाणिक कोण, याचा विचार करताना आम्हांला सूझांकडे वळावे लागते, मग ते आवडो वा न आवडो.

यावर हमखास निघणारा प्रश्न असा की सूझा श्रद्धावान होते काय? रूढ अर्थाने नव्हते. हा वाद नवा नाही. फ्रान्समध्ये आल्प्स पर्वतातील आसी या गावी नव्या देवळासाठी फादर कूत्युरिये यांनी आधुनिक कलावंतांना बोलाविले. त्यांत श्रद्धा नसलेलेही होते, यहुदी होते, साम्यवादी होते. प्रतिभा नसलेल्या भाविकापेक्षा श्रद्धा नसलेला प्रतिभावंत बरा, अशी त्यांची भूमिका होती. वेदीवरच्या क्रुसासाठी जेर्मेन रिशिए या शिल्पकर्तीने कांस्यात ख्रिस्त घडविला. त्याला धड चेहरा नाही, त्याचा देह आणि क्रुसाचे लाकूड एकमेकांत मिसळून गेले आहेत. १९५० साली देवळाचा अभिषेक झाला आणि १९५१ साली बिशपांच्या आज्ञेवरून ती मूर्ती वेदीवरून उतरविण्यात आली. बाहेरच्यांनी तिला निंदा ठरविले होते. त्या डोंगरावर क्षयरोग्यांची आरोग्यधामे होती, आणि झिजलेल्या देहाचे ते लोक त्या मूर्तीत आपली वेदना पाहत, असे सांगतात. बऱ्याच वर्षांनी मूर्ती परत आली. मूर्ती होती तशीच होती. मधल्या काळात पाहणारे बदलले.

मधल्या काळात द्वितीय व्हॅटिकन परिषदही झाली. ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत झालेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने स्पष्ट केले की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून राखून ठेवलेली नाही, आणि आजच्या काळाच्या, सर्व वंशांच्या व प्रदेशांच्या कलेला उपासनामंदिरात मोकळीक असावी. अट एवढीच की ती पवित्र वास्तूचा मान राखणारी असावी. त्याच दस्तऐवजात याहून अवघड वाक्यही आहे. श्रद्धेला व भक्तीला धक्का देणाऱ्या, किंवा सामान्य, कमअस्सल आणि दिखाऊ असल्यामुळे खरी धर्मभावना दुखविणाऱ्या कलाकृती बिशपांनी देवळाबाहेर ठेवाव्यात, असे ते सांगते. या वाक्याचा पहिला अर्धा भाग सूझांसारख्यांविरुद्ध आपण तत्परतेने उच्चारतो. दुसरा अर्धा भाग आपल्या काचतंतूच्या मूर्तींना लागू पडतो, हे आम्ही कोणत्याही बैठकीत ऐकलेले नाही.

सूझांचे चित्र वेदीवर असावे, असे आमचे म्हणणे आहे काय? नाही. येथे आम्हांला मावशींच्या बाजूने उभे राहावेसे वाटते. सूझांच्या क्रुसावर वेदना आहे, पण क्षमा नाही. तेथला ख्रिस्त मारणाऱ्यांसाठी प्रार्थना करीत असेल असे त्या चेहऱ्यावरून वाटत नाही. तो तर चावायला येतो आहे. तिसरा दिवस त्या चित्रात उगवत नाही. शिवाय राग हे इंधन फार काळ पुरत नाही. उत्तरायुष्यात न्यूयॉर्कमध्ये असताना त्यांनी त्याच त्या मुद्रा वारंवार गिरविल्या, आणि त्यांतील बऱ्याच आम्हांला पोकळ वाटतात. पण वेदी ही एकच जागा आहे काय? सभागृह आहे, धर्मशिक्षणाचा वर्ग आहे, गुरुविद्यालयाची ओसरी आहे. मेथडिस्टांनीही आपला संग्रह वेदीवर नेऊन चिकटविला नाही. ते तो गावोगावच्या देवळांत आणि सभागृहांत प्रदर्शनासाठी पाठवितात, लोक पाहतात, भांडतात, प्रार्थना करतात. उपवासकाळातल्या एखाद्या शुक्रवारी, क्रुसाच्या वाटेच्या भक्तीनंतर, सूझांच्या चित्राची मोठी प्रत पुढ्यात ठेवून तासभर बोलण्याइतके धैर्य आमच्यात असायला हरकत नव्हती.

हे धैर्य इतर धर्मीय चित्रकारांनी आमच्याआधी दाखविले, ही आणखी एक गंमत. जामिनी राय यांनी बंगाली लोकचित्रांच्या टपोऱ्या डोळ्यांनी ख्रिस्त पाहिला. कृष्ण खन्ना यांनी दिल्लीतील निजामुद्दीनच्या परिसरातले फकीर आणि कष्टकरी पाहिले आणि प्रेषितांना ते चेहरे दिले. हुसेन यांनी मदर तेरेसांना निळ्या काठाच्या साडीत उभे केले आणि चेहऱ्याची जागा रिकामीच ठेवली. त्यांना आपला येशू भेटला तो आमच्या परवानगीवाचून भेटला. त्याबद्दल आम्ही कधी समाधान व्यक्त केले, कधी संशय. पण त्यांच्या चित्रांपुढे बसून ‘हा आमच्या प्रभूविषयी आम्हांला न दिसलेले काय सांगतो आहे’, असे क्वचितच विचारले.

फोन्सेका २८ डिसेंबर १९६७ रोजी गेले. नाताळचा आठवडा होता. त्यांच्या पत्नीने जपून ठेवलेली चित्रे पुढे गोव्यातील पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सोपविली, आणि उशिरा का होईना, ती घरी आली. सूझा २८ मार्च २००२ रोजी मुंबईत वारले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत ते विसावले आहेत. त्यांचे ‘जन्म’ हे १९५५ सालचे चित्र २००८ मध्ये सुमारे २५ लाख डॉलरना आणि २०१५ मध्ये ४० लाखांहून अधिक डॉलरना विकले गेले, तेव्हा आपल्या समाजातील अनेकांना ते ‘आपले’ असल्याचे एकाएकी आठवले. वर्तमानपत्रांची कात्रणे फिरू लागली. त्या कात्रणांत आकडा मोठा होता आणि चित्र लहान.

त्या बैठकीतली छापील प्रत आमच्याकडेच राहिली आहे. ज्याने ती आणली होती त्याने ती परत मागितली नाही, आणि आम्हीही ती भिंतीवर लावली नाही. शब्दकोशात घालून ठेवली आहे. शेजारच्या पाड्यावर आता नवे प्रार्थनामंदिर उभे राहत आहे आणि पावसाळा सरल्यावर वेदीविषयी बैठक आहे असा निरोप आला आहे. मावशीही तेथे असतील. प्रत घेऊन जाणार आहोत, आणि या खेपेस ती आम्हीच पुढे ठेवणार आहोत.